ज्या कॉलेजकडून गोल्फ खेळलात तिथेच कोच व्हायचंय? मग काय काय करावं लागतं

अमेरिकेत कॉलेज गोल्फ खेळणाऱ्या आपल्याकडच्या दोन-तीन मुलांनी मला हेच विचारलं, की टूरवर (प्रो खेळाडूंच्या स्पर्धांत) जाण्याइतका गेम नाही, पण गोल्फ सोडवत पण नाही, तर आपल्याच कॉलेजात कोच होता येईल का? येतं की. मी स्वतः एका छोट्या कॉलेजात दोन सीझन असिस्टंट होतो, त्यामुळे हे काम जवळून बघितलंय आणि मला ते मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीचं बघा, ती स्टिलवॉटर नावाच्या छोट्या गावात आहे. माइक होल्डर तिथेच शिकले, तिथेच खेळले, १९७३ मध्ये तिथेच कोच झाले आणि ३२ वर्षं राहिले, त्यात ८ नॅशनल टायटल. मग २००५ ला तिथलेच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर झाले. आता तिथे कोच आहेत अ‍ॅलन ब्रॅटन, ते होल्डर यांच्याच हाताखाली खेळलेले, १९९५ ला टायगर वुड्स ज्या स्टॅनफर्डकडून खेळत होता त्या टीमला प्लेऑफमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात) हरवून ज्या टीमने टायटल जिंकलं तिच्यात ते होते. पण कॉलेज संपलं आणि लगेच कोच झाले असं नाही, प्रो म्हणून खेळले, मग परत येऊन असिस्टंट, मग मुलींच्या टीमचे कोच, आणि २०१३ ला मुलांची टीम मिळाली. २०१८ आणि २०२५ ला टायटल आलं. म्हणजे खेळाडू ते हेड कोच यात १८ वर्षं गेली, हा आकडा डोक्यात ठेवूनच सुरुवात करा.

सुरुवात शेवटच्या वर्षातच करायची. कोचच्या ऑफिसात जाऊन काम मागा, ट्रॅव्हल कसं बुक होतं, प्रॅक्टिसच्या तासांचा हिशेब कसा ठेवतात ते बघा. सीझनमध्ये आठवड्याला २० तास, ऑफ सीझनला ८, आणि टूर्नामेंटचा अख्खा दिवस फक्त ३ तास धरतात, हे नियम खेळाडू असताना कुणी नीट वाचत नाही पण कोच झालात की पहिली चूक इथेच होते.

असिस्टंट झालात की व्हॅन चालवणं, रूम्स, सँडविच, रेंजवरचे बॉल हे सगळं तुमच्याकडे, त्याचा कमीपणा वाटत असेल तर हे काम घेऊच नका. पहिल्या दिवशी बऱ्याच ठिकाणी ३६ होल खेळवतात, पोरं बॅग खांद्यावर घेऊन सकाळपासून चालत असतात. एकदा दुसऱ्या राउंडच्या शेवटी शेवटी आमच्या एका मुलाने सलग दोन ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) तीन-तीन पट, म्हणजे बॉल होलकडे घरंगळवायचे हलके फटके, मारले, मी त्याला पटच्या स्पीडबद्दल सांगायला लागलो (कॉलेज गोल्फमध्ये कोचला राउंड चालू असताना बोलता येतं), तर हेड कोच आले, त्याच्या हातात एक केळं आणि पाण्याची बाटली दिली, काहीच न बोलता पुढच्या टीपर्यंत (होल सुरू होतो त्या जागेपर्यंत) त्याच्यासोबत चालले. त्या होलवर त्याने पार केला, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल संपवला. तो भुकेला होता, मला दिसलंच नव्हतं.

सगळ्यात अवघड काम म्हणजे पाचवी जागा. पाच जण खेळतात, चारांचे स्कोअर धरतात, आणि पाचव्यासाठी टीममध्येच क्वालिफाइंग चालतं. आमच्याकडे एक सीनियर एका स्ट्रोकने राहिला आणि ते मी त्याला मेसेज करून कळवलं. कोचनी मला त्याच संध्याकाळी त्याच्या रूमवर पाठवलं, समोर बसून सांग म्हणाले. अर्धा तास बसलो, तो रडला, पण नंतर पूर्ण सीझन माझ्याशी नीट बोलला. आपल्याच कॉलेजात हे जास्त जड जातं, कारण ज्युनियर म्हणून ज्याच्यासोबत खेळलात त्यालाच घरी ठेवायची वेळ येऊ शकते, म्हणूनच मधली तीन-चार वर्षं दुसऱ्या कॉलेजात काढा असं मी सांगेन.

रिक्रूटिंगला मात्र जुना विद्यार्थी असण्याचा खरा फायदा. मुलगा दहावी संपवतो त्या वर्षीच्या १५ जूनपासून त्याच्याशी बोलता येतं, आणि तिथला हिवाळा, वारा, क्लास, मेस हे तुम्ही स्वतः जगलेलं असतं, ते आईवडिलांना लगेच कळतं. स्कोअर तर सगळेच बघतात, तुम्ही डबल बोगीनंतर (पारपेक्षा दोन फटके जास्त गेल्यावर) मुलगा पुढच्या टीवर कसा उभा राहतो ते बघा.

आणि पैसा. होल्डर यांचं नाव टायटल्समुळे आहेच, पण देणग्या मिळवून कॉलेजसाठी कार्स्टन क्रीक हा कोर्स उभा केला, १९९४ ला सुरू झाला, त्याच कोर्सवर २०१८ चं टायटल आलं. आधी मुलांच्या डिव्हिजन वन (सगळ्यात वरच्या गटातल्या) टीमला साडेचारच स्कॉलरशिप देता यायच्या, २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे देता येण्याच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना ती मर्यादा नाही, त्याऐवजी टीममध्ये ९ च खेळाडू, म्हणजे पैसे आणखी लागणार. जुन्या खेळाडूंचे फोन नंबर आत्तापासून जपा, आणि फक्त मागायला फोन करू नका.

भारतातून आलेल्यांनी व्हिसाचं आधी बघा, ओपीटीवरचं (स्टुडंट व्हिसावर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवरचं) काम तुमच्या डिग्रीशी जुळावं लागतं, त्यामुळे मेजर निवडतानाच इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन विचारा.

जागा निघाली की अर्जासोबत तीन वर्षांची रिक्रूटिंगची यादी आणि बजेट कागदावर मांडून न्या, तुम्ही तिथे किती छान खेळलात ते त्यांना माहीत असतं. आणि अर्ज टाकायच्या आधी तुमच्या जुन्या कोचना फोन करा, त्यांना हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.