वालावरच्या अळीवर व्हायरस फवारा, पण ऊन उतरल्यावर

वाल फुलात आलाय आणि दोन दिवस मळभ आहे, त्यामुळे आजच शेतात जाऊन शेंडे, कळ्या उलटून बघा. मळभ आलं की तीन-चार दिवसात शेंगा पोखरणाऱ्या घाटे अळीची बारीक पिल्लं दिसतात, हा माझा आपला शेतातला अंदाज.

दरवर्षी एकच चूक बघतोय. लोक एचएएनपीव्ही (घाटे अळीला रोग लावून मारणारा व्हायरस) आणतात, बाटली गाडीच्या डिकीत तापवतात आणि सकाळी दहाला उन्हात फवारतात, मग दोन दिवसांनी अळी हलताना दिसली की व्हायरस बोगस म्हणून दुकानदार देईल ते महागडं औषध मारतात आणि तोवर शेंगा गेलेल्या असतात.

अहो, हा व्हायरस म्हणजे कवचात बंद डीएनए आहे, सुमारे १ लाख ३१ हजार अक्षरांची गोल माळ. तिच्यात पाच ठिकाणी तेच तेच तुकडे परत परत येतात आणि माळेची नक्कल काढायला सुरुवात तिथूनच होते असं अभ्यासक मानतात. अळीने पान खाल्लं की पोटातल्या अल्कली रसात वरचं कवच विरघळतं, व्हायरस पेशीत घुसतो आणि लाखो नकला होतात. याला ४ ते ७ दिवस लागतात, लगेच मरणार नाही! आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ती माळच खराब झाली तर नक्कल कसली निघणार? म्हणून संध्याकाळी पाचनंतरच मारा, बाटली सावलीत, थंड जागी ठेवा.

प्रमाण:
- हेक्टरी २५० एल.ई. (व्हायरसची मात्रा मोजायचं माप, बाटलीवर लिहिलेलं असतं), म्हणजे १० गुंठ्यांना २५ एल.ई., ५० लिटर पाण्यात
- नीळ १ मिली, गूळ ५ ग्रॅम प्रति लिटर
- अळी बारीक असतानाच, मोठीवर उपयोग कमी

बाकी:
- कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) हेक्टरी ५
- पक्षीथांबे (अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या)
- फुलोऱ्यात ५ टक्के निंबोळी अर्क

आठवड्याने काळपट, लिबलिबीत अळ्या पानाला उलट्या लटकलेल्या दिसतील, त्या फेकू नका. त्या कुटून, फडक्यातून गाळून तेच पाणी पुन्हा संध्याकाळी मारा, फुकटात होतं. पोपटीसाठी (मडक्यात भाजायला) शेंगा ठेवायच्या असतील तर ही दुसरी फवारणी चुकवू नका, आणि उन्हात तर नकोच नको.