प्रोग्रेसिव्ह काचांची मापे घेताना या चुका टाळा

चाळिशीचा नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा (ज्याच्या एकाच काचेत वरून खाली दूरचा नंबर हळूहळू जवळचा होत जातो) घेऊन गेलेले काका आठवड्याने "गरगरते" म्हणून परत आले, की पहिला संशय नंबरावर जातो आणि पुन्हा डोळे तपासायला सांगितले जाते. आमच्या तालुक्याच्या गावात बसून इतकी वर्षे काचा बसवल्यावर माझे मत असे झाले आहे, की नंबराला हात लावण्यापूर्वी मापे पडताळावीत.

सर्वांत महाग पडणारी चूक उंचीच्या, म्हणजे फ्रेमच्या खालच्या कडेपासून बाहुलीपर्यंतच्या मापात होते. बाजाराच्या दिवशी गर्दी असली, की फ्रेम चेहऱ्यावर नीट न बसवताच अंदाजाने उंची लिहिली जाते. आधी नाकावरच्या गाद्या आणि कानामागच्या काड्या जुळवून घ्याव्यात, ग्राहकाच्या डोळ्यांच्या पातळीत समोर बसावे आणि त्याची नजर सरळ असताना फ्रेममधील डमी काचेवर बाहुलीच्या मध्याशी पेनाने खूण करावी. दोन नंबरांच्या बायफोकल काचेत मात्र वाचनाच्या तुकड्याची वरची कड साधारण खालच्या पापणीच्या रेषेत येते. हीच रेषा प्रोग्रेसिव्हला वापरली, तर वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते. उंची जास्त झाली, तर उलट लांबचे पाहण्यासाठी मान खाली घालावी लागते.

पीडी, म्हणजे दोन्ही बाहुल्यांमधले अंतर, ६४ मिलिमीटर आली म्हणून दोन्ही बाजूंना ३२ लिहिणे हीही अशीच खोड. नाक थोडे वाकडे असते, एक डोळा ३०.५ वर आणि दुसरा ३३.५ वर असू शकतो. काचेतील स्पष्ट दिसणारा मधला पट्टा अरुंद असल्याने एक डोळा त्याच्या कडेला पडतो. प्रत्येक डोळ्याचे माप वेगळे घ्यावे.

चिठ्ठीवर 'जवळचा +२.००' असे लिहिलेले असल्यास ती अॅडिशन (दूरच्या नंबरावर जवळसाठी चढवायची वाढ) आहे की एकूण जवळचा नंबर, हे विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. दूरचा नंबर +१.०० असेल, तर पहिल्या अर्थाने जवळचा नंबर +३.०० होतो आणि दुसऱ्या अर्थाने अॅडिशन फक्त +१.०० उरते.

तक्रार आलीच, तर काच काळ्या कापडासमोर तिरपी धरून तिच्यावरची दोन पुसट कोरीव चिन्हे शोधावीत. ती एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर असतात आणि कानाकडच्या चिन्हाखाली अॅडिशन कोरलेली असते. कंपनीच्या तक्त्यावर काच ठेवून फिटिंगची फुली पुन्हा काढावी, चष्मा ग्राहकाला घालायला द्यावा आणि फुली बाहुलीवर येते का ते पाहावे. एखाद्या मिलिमीटरचा फरक असेल, तर गाद्या जवळ आणून फ्रेम वर चढवता येते किंवा फाकवून खाली उतरवता येते. काच बदलावी लागत नाही.

एक तक्रार मात्र मापाने सुटत नाही. +२.५० ची अॅडिशन ४० सेंटिमीटरसाठी असते आणि कापूस वेचताना बोंड त्याहून लांब, साधारण ६५ सेंटिमीटरवर असते. बायफोकलचा कोणताच भाग त्या अंतराला पुरत नाही, आणि प्रोग्रेसिव्हचा मधला पट्टा दिवसभराच्या वेचणीला अपुरा पडतो. अशा वेळी दूरच्या नंबरावर सुमारे +१.५० चढवून शेतासाठी एकाच नंबराचा साधा चष्मा द्यावा, आणि तो घालून दुचाकी चालवू नये, हे बजावून सांगावे.