आळ आणि सातबारा

एमएला इतिहास घेतला तेव्हा आजीने भाकरी थापता थापता विचारलं, "काय शिकायलीस गं तिकडं?" मी सांगितलं, पूर्वी बायकांवर आळ कसे घ्यायचे, त्यांना कसं छळायचे, ते. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "मंग त्याला संभाजीनगरला कशाला जावं लागतंय?"

आजी लग्न होऊन गंगाखेडकडच्या आमच्या गावात आली, त्याच साली थोरला दीर हगवणीने गेला आणि गोठ्यातला एक बैल मेला. तेव्हापासून ती पांढऱ्या पायाची. हे मला बीए होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आता नवी पोरं-पोरी विचारतात, या विषयात कुठून शिरायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे: एक वही करा आणि तिच्यात शब्द उतरवा. अवदसा, कैदाशीण, चेटकीण, वांझ, टाकलेली. प्रत्येकासमोर त्याचं पुल्लिंगी रूप लिहायचा प्रयत्न करा. 'टाकलेला' पुरुष कुठे सापडतो का बघा. मग म्हणींकडे वळा. 'ध चा मा करणे' आपण सहज म्हणतो. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष ठेवला तो रघुनाथरावावर. पण शाळेतल्या पोराला विचारा, तो आनंदीबाईचं नाव घेईल: तिने 'धरावे'चं 'मारावे' केलं. न्यायाधीशाने नवऱ्याला दोषी धरलं आणि भाषेने बायकोला. आनंदीबाई निर्दोष होती असं माझं म्हणणं नाही. पण हा आळ कुणाच्या सोयीचा होता, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या सगळ्या अभ्यासाचं सार एवढ्या एका प्रश्नात आहे, बाकी तळटीपा.

युरोप-अमेरिकेतल्या चेटकिणींच्या छळाबद्दल थोडक्यात. आपल्याकडे निम्मे शोधनिबंध तिथूनच सुरू होतात आणि बहुतेकांत त्याच दोन चुका असतात. एक, अमेरिकेतल्या सेलममध्ये बायकांना जाळलं. जाळलं नाही. 1692 साली तिथे 19 जणांना फाशी दिलं, त्यांत 14 बायका आणि 5 पुरुष होते. आणखी एका म्हाताऱ्याला दगडांखाली दाबून मारलं. दुसरी चूक, युरोपात नव्वद लाख चेटकिणी मारल्या. हा आकडा अठराव्या शतकात एका जर्मन गृहस्थाने फुगवलेला. आजचे बहुतेक अभ्यासक चाळीस ते साठ हजारांच्या आसपास थांबतात, आणि तोही काही लहान आकडा नाही. परीक्षकाला एक आकडा खोटा सापडला की तो तुमचे खरे आकडेही संशयाने वाचतो. मी हे भोगलंय.

साहित्याकडून येणार असाल तर एकदा माहूरला जाऊन या. गडावर रेणुकेचं फक्त मुख आहे, हे दर्शन घेतलेल्या सगळ्यांना माहीत असतं. कथाही माहीत असते: पाण्याला गेलेल्या रेणुकेचं मन गंधर्वाची जलक्रीडा बघून क्षणभर ढळलं, जमदग्नीने मुलांना तिचा वध करायला सांगितलं, थोरल्यांनी हात उचलला नाही, परशुरामाने उचलला. पुढे त्याने वर मागितला, आई जिवंत व्हावी. इथवर कीर्तनात ऐकतोच. महाभारतातल्या वनपर्वात त्याच्या वरांत आणखी एक मागणं आहे: तिला हा वध आठवू नये. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ग्रंथालयातून उठून बाहेर चहाला गेले. मारलं, उठवलं, आणि तिच्याकडून साक्षच काढून घेतली. आपल्याला मिळणारी बहुतेक कागदपत्रं अशीच असतात. बाई त्यांत आहे, पण आठवतंय दुसऱ्या कुणाला तरी: फौजदाराला, कारकुनाला, नवऱ्याला.

म्हणून ताराबाई शिंदे लवकर वाचा. विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्राला त्यांचं नाव आहे, पण पाटीखालून रोज जाणाऱ्यांतल्या कितींनी पुस्तक उघडलंय, देव जाणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल 1881 साली फाशी ठोठावली, ती शिक्षा पुढे काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने सगळ्याच बायकांच्या चारित्र्यावर चिखल उडवला. बुलढाण्याच्या ताराबाईंनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' छापून उलट सवाल केला: विधवेला पुन्हा लग्न करू देत नाही तो कोण, आणि तिला फसवून पसार होतो तो कोण? भाषा फटकळ आहे. मजा येते वाचताना.

पण सगळा दोष पुरुषांच्या खात्यावर मांडून मोकळे होऊ नका. जात्यावरच्या ओव्यांत सीतेच्या वनवासाची एक वेगळी कथा येते. कैकेयी तिच्याकडून रावणाच्या नुसत्या अंगठ्याचं चित्र काढून घेते, मग त्यावरून पूर्ण चित्र तयार करते आणि रामाला दाखवते. दळताना गाणाऱ्या बायकांनी रामाला सोडलं आणि सासूला धरलं. आजीलाही हेच पटायचं. का, यावर मी अजून अडलेली आहे.

मराठवाड्याच्या मुलांसाठी एक खास अडचण. आपण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे होतो. त्यामुळे आपल्या कितीतरी फायली मुंबईत नाहीत, हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत, आणि फारसी-उर्दूत आहेत. मोडीसाठी पुराभिलेख विभागाचे छोटे वर्ग होतात, ते करा. पण उर्दूला टाळाटाळ करू नका. मी दोन वर्षं टाळली आणि तोवर दुसऱ्यांच्या भाषांतरांवर जगले.

रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचा काळ आणि पोलीस ॲक्शन, म्हणजे 1948 ची भारतीय लष्कराची कारवाई, हा विषय घेणार असाल तर दोन्ही घ्या. अर्धाच घेणारे पुष्कळ आहेत. रझाकारांनी बायकांवर केलेले अत्याचार गावोगाव सांगितले जातात. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान बायकांचं काय झालं, हे त्याची पाहणी करायला भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे: बलात्कार, पळवून नेणं, विहिरीत उड्या घेतलेल्या बायका. मृतांचा त्यांचा अंदाज किमान 27 ते 40 हजारांचा, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं उघड झाला नाही. दोन्हीकडे बाई म्हणजे समोरच्याची अब्रू, म्हणून तिच्यावर सूड.

आता माझी चूक. करणी करते म्हणून गावाने वाळीत टाकलेल्या एका विधवेची मुलाखत मी घेतली होती. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेऊन कुणाला छळणं हा गुन्हा आहे, हे तिला मीच सांगितलं, मोठ्या ऐटीत. निबंधात तिचं नाव बदललं, गावाचं बदललं, पण घराची एक खूण तशीच राहिली. चर्चासत्रात त्याच तालुक्यातला एक जण बसला होता. महिन्याभराने परत गेले तर तिने दार अर्धंच उघडलं. "तुह्यामुळं पुन्हा सुरू झालं, माय," एवढंच म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. ती खूण मी इथेही लिहीत नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. सासू-सून एकत्र बसलेल्या असताना रेकॉर्डर काढत नाही. आणि लिहिलेलं छापायच्या आधी त्या बाईला वाचून दाखवते. बीडकडच्या ऊसतोड बायकांशी बोलायला जाल तर हे जास्तच लागेल. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत 82 हजारांहून जास्त बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची 'पिशवी', म्हणजे गर्भाशय, काढलेली निघाली. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड आणि दवाखाना यांची सांगड त्या स्वतः घालून देतात, पण नवरा समोर असेल तर नाही.

नोकरीचं विचाराल तर नेट-सेट द्या, पण प्राध्यापक भरतीवर जीव टांगू नका. तासिका तत्त्वावर उमेदीची वर्षं जातात. समुपदेशन केंद्रं आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची कामं बघा, तिथे हा अभ्यास खरोखर लागतो. आणि रात्री झोप उडायला लागली तर महिनाभर वही बंद ठेवा.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका गावात अशाच एका म्हातारीला कच्चा मजकूर वाचून दाखवला. ती सुपात तूर पाखडत होती. मी चेटूक, करणी, गावाची भीती असं बरंच विद्वत्तेने लिहिलं होतं. तिने तीन ओळी काढायला लावल्या, आणि एक घालायला लावली. "हे सगळं राहू दे. वाळीत टाकल्यावर रान कुणाच्या नावावर झालं, ते लिही." मग सूप खाली ठेवून तिने गट नंबर सांगितला, न अडखळता. तो छापलेला नाही. वहीत आहे, 'चेटकीण' या शब्दासमोर.