प्रोसेसर घासायला घेताय? आधी या चुका वाचा

प्रोसेसरचं वरचं धातूचं झाकण घासून सपाट केलं की ते कूलरला (वर बसवलेल्या थंड करणाऱ्या भागाला) नीट टेकतं, म्हणून काही जण ते घासतात. पहिला प्रोसेसर मी घासला तो घरच्या टीपॉयच्या काचेवर. इंटेलचा जुना कोअर टू ड्युओ होता, गेला तर गेला असा. आई दुपारची झोपलेली, टीपॉयवरचे पेपर-बिपर बाजूला सारले, ४०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) ठेवला आणि लागलो घासायला. मग ८००, मग १५००, मग २०००, दीड तासाने झाकण असं चकाचक की त्यात वरचा पंखा फिरताना दिसत होता. पीसी जोडला तर टेम्परेचर आधीपेक्षा चार डिग्री जास्त! म्हटलं काय लोच्या आहे राव.

लोच्या साधा होता, चकचकीत झालं म्हणजे सपाट झालं असं नसतं. बोटांचा जोर कडेला जास्त पडल्यामुळे चारही कडा गोल झाल्या होत्या आणि टीपॉयची काच टफन्ड (तापवून मजबूत केलेली) होती. ही काच भट्टीत रोलरवर तापवून बनवतात त्यामुळे तिच्यात हलक्या लाटा येतात, डोळ्याला दिसत नाहीत पण अशा कामाला त्या चालत नाहीत.

मुळात घासायचं कशाला ते एकदा नीट समजून घ्या, अर्ध्या चुका तिथेच टळतात. प्रोसेसरवरचं जे झाकण आपल्याला दिसतं तो हीट स्प्रेडर, आतून तांबं आणि वर निकेलचा पातळ थर. तांबं उष्णता नेतं साधारण ४०० वॉट पर मीटर-केल्विनने, चांगली थर्मल पेस्ट दहाच्या आसपास आणि अडकलेली हवा ०.०३ सुद्धा नाही. म्हणजे झाकण आणि कूलर यांच्यातल्या खड्ड्यात जाड पेस्ट बसली की ती उष्णता अडवते. घासून तो खड्डा काढायचा आणि पेस्टचा थर पातळ करायचा, बस एवढंच काम आहे. मिळून मिळून काही डिग्री मिळतात, वीस-पंचवीस मिळतील अशा आशेने कोणी बसू नका.

आता सगळ्यात महागडी चूक: खड्डा कुठून आलाय ते न बघता घासणं. इंटेलची बारावी पिढी २०२१ च्या शेवटी आली, एलजीए १७०० सॉकेटवाली (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा). चिप लांबट आणि सॉकेटची लोखंडी पकड तिला दोन लांब बाजूंच्या मधोमध दाबते, त्यामुळे चिप सॉकेटमध्ये बसल्यावर वाकते. तुम्ही ती बाहेर काढून काचेवर मस्त सपाट केलीत तरी परत लीव्हर दाबला की ती परत वाकणार, मग मेहनत कशाला केली? तिथे कॉन्टॅक्ट फ्रेम म्हणून चिपला सगळ्या बाजूंनी सारखी दाबणारी चौकट मिळते, पकड काढून ती लावायची, चिपवर एक ओरखडा न पाडता बहुतेक काम होतं. (वॉरंटीचा प्रश्न त्यातही येतो, इंटेलने सॉकेटमध्ये बदल केल्यास वॉरंटी जाऊ शकते असं सांगितलंय, पण फ्रेम काढून परत मूळ पकड लावता येते, घासलेलं निकेल परत येत नाही.)

दुसरं म्हणजे काही इंटेल पिढ्यांत झाकणाच्या आतच पेस्ट आहे, सोल्डर (वितळवून जोडलेला धातू) नाही, २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून बरीच वर्षं हे चाललं. अशा चिपमध्ये उष्णता आतल्या पेस्टमध्येच अडकते, वरून कितीही घासा.

आणि एएमडीच्या रायझन ७००० वाल्यांनो, तुमची चिप फुल लोडवर ९५ डिग्रीला जाते ती आजारी नाहीये, मोठ्या मॉडेल्सना तसंच बनवलंय, ९५ पर्यंत क्लॉक (चिपचा वेग) वाढवत राहायचं. घासल्यावर पण आकडा ९५ च दिसेल आणि तुम्ही म्हणाल वाट लागली, पण क्लॉक बघा, तो वाढलेला असेल तर काम झालंय.

तरी घासायचंच असेल तर काचवाल्याकडून साध्या काचेचा जाड तुकडा आणा, ८ एमएम चालेल, कडा घासून द्यायला सांगा नाहीतर हात कापेल. वॉटर पेपर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला हवा तो नंबर मिळतो, गाडीचं पेंटिंग करणारे वापरतात तोच. गुंडाळी करून आणू नका, वळलेला पेपर काचेवर कडेला उचलतो आणि तिथेच कडा खातो. चारही बाजूंनी टेप लावून ताणून चिकटवा.

झाकणावर मार्करने चौकटी आखा. हे न करणारे खूप आहेत आणि मग "किती वेळ घासू" असं विचारतात. चार-पाच हात फिरवले की उलटं करून बघा, शाई जिथे गेली तो भाग उंच, जिथे राहिली तो खोलगट. जुन्या इंटेल चिप बऱ्याचदा मध्ये खोलगट निघतात, म्हणजे आधी चार कडांना तांब्याचा लाल रंग दिसतो आणि मध्ये निकेलचं चंदेरी बेट राहतं. ते बेट लहान होत होत संपलं की ४०० चं काम संपलं. जोर देऊ नका, चिपचं स्वतःचं वजन आणि बोटांचा नुसता आधार, दर दहा हातांनी चिप पाव फिरवा म्हणजे हाताचा कल एकाच बाजूला जात नाही. माझा उजवा अंगठा जास्त दाबतो हे मला या धंद्यात कळलं. शेवटी स्टीलची पट्टी उभी ठेवून मागून मोबाईलचा टॉर्च मारा, फटीतून उजेड आला तर अजून बाकी आहे. १००० किंवा फार तर १५०० वर थांबा, आरसा करायची गरज नाही, तो फोटोसाठी.

पाण्याच्या बाबतीत लोक बेफिकीर असतात. पेपर ओला करा पण दोन-चार थेंब, नळाखाली धरून घासू नका. झाकण काळ्या गोंदाने चिकटवलेलं असतं आणि त्या गोंदात बऱ्याच चिपमध्ये मुद्दाम फट सोडलेली असते, त्यातून तांब्याचा चिखल आत गेला की संपलं. तांब्याचा चुरा वीज वाहून नेतो हे विसरू नका, एएम५ च्या (रायझन ७००० च्या सॉकेटच्या) चिपवर तर झाकणाच्या खाचांमध्ये कपॅसिटर उघडेच असतात, तिथे चुरा अडकतो, त्यामुळे आधी टेपने झाका. एएम४ (एएमडीचं त्याआधीचं सॉकेट) असेल तर खाली १३३१ पिना, फोममध्ये रोवून धरा. झाल्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करून नीट सुकू द्या, आपल्याकडे जुलैमध्ये टॉवेल सुकायला दोन दिवस लागतात तर तेवढा धीर इथे पण धरा.

कूलरचं बूड विसरतात सगळे. बरेच बूड मुद्दाम मध्ये फुगीर असतात. कूलर बनवणाऱ्या नॉक्टुआने २०२४ मध्ये एनएच-डी१५ जी२ काढला तो याचसाठी तीन प्रकारांत, फुगीरपणा कमी, मधला आणि जास्त. जास्त फुगीरवाला वाकलेल्या एलजीए १७०० साठी. तुम्ही चिप सपाट केली आणि तो लावला तर तो फक्त मध्ये टेकणार. आणि ज्यात हीट पाईप (उष्णता वाहून नेणाऱ्या बंद तांब्याच्या नळ्या) थेट प्रोसेसरला टेकतात तो कूलर घासू नका कधीच, पाईपची भिंत पातळ असते, भोक पडलं की आतली निर्वात पोकळी गेली आणि पाईप नुसती तांब्याची नळी राहिली.

घासून टेम्परेचर वाढलं तर घाबरू नका, आधी खोलीचं टेम्परेचर लिहिलं होतं का ते बघा. मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ३५ डिग्री आणि आधीची टेस्ट रात्री एसीत २४ ला, तर हे ११ डिग्री तुमच्या घासण्याचे नाहीत. नेहमी प्रोसेसर वजा खोली असा फरक लिहा. मग कूलर काढून पेस्टचा छाप बघा, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर स्क्रू तिरके आवळलेत, समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा करून परत बसवा.

चालूच होत नाही किंवा दोनपैकी एकच रॅम दिसते, तर बऱ्याचदा चिप मेलेली नसते, खालच्या पॅडवर टेपचा चिकटा किंवा चुरा असतो, नाहीतर कॉन्टॅक्ट फ्रेमचे स्क्रू अति आवळलेले. पॅड पुसा, सॉकेटच्या पिना टॉर्चने तिरक्या बघा, एखादी वाकलेली लगेच चमकून दिसते.

हो, आणि घासायच्या आधी झाकणावरच्या नावाचा आणि नंबरांचा फोटो काढून ठेवा. मी नव्हता काढला. पुढे तो कोअर टू ड्युओ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला विकायला नेला तर दुकानदाराने उलटसुलट करून बघितला, परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, हा टकला कोण आहे ते आधी सांग." अजून ड्रॉवरमध्येच आहे.