क्लस्टरची वाटणी करताना या चुका टाळा

क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेली मशीनं, आणि क्यू म्हणजे त्यातला जॉबच्या एकेका रांगेचा वाटा. तीन क्यू, तिघींना सारखंच द्यायचं, म्हणून सेटिंगच्या फाइलीत ३३, ३३, ३३ टक्के लिहून मोकळे होणारे अजून भेटतात. बेरीज ९९. यार्न म्हणजे हडूपमधला, मेमरी आणि प्रोसेसरचे कोर जॉबना वाटून देणारा भाग. त्याच्या कपॅसिटी शेड्युलरला टक्केवारी लिहिली तर एका पालक क्यूखालच्या क्यू मिळून १०० भरायला लागतात. उरलेला टक्का तो कुणाच्या पदरात टाकत नाही, सरळ फाइल नाकारतो.

रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात हे फार उशिरा कळलं. तिथल्या पोराने तिसरी क्यू घातली, नवी वाटणी लागू करायला रिफ्रेश मारलं, एरर आली. पण शेड्युलर जुन्या वाटणीवर चालूच राहिला, जॉब धावत होते, मग एरर वाचतो कोण! पुढे पावसाळ्यात लाईट गेली, यूपीएसने मान टाकली आणि लाईट आल्यावर रिसोर्स मॅनेजर, म्हणजे हा शेड्युलर ज्यात चालतो तो यार्नचा मुख्य प्रोग्राम, काही उठेना. सगळे डिस्क तपासत आणि पावसाला शिव्या देत बसलेले. मी फोनवर एवढंच म्हटलं, "बाबा, आधी बेरीज कर." ३४, ३३, ३३ केल्यावर सुरू. रिफ्रेशची एरर 'नंतर बघू' म्हणून सोडणाऱ्याच्या हाती क्लस्टर देऊच नये, असं माझं मत आहे.

स्क्रिप्टने कोर वाटताना सरसकट राउंड करू नका. ६४ कोर पाच क्यूंत म्हणजे १२.८, राउंड केले की १३, एकूण ६५. तीन क्यूंत २१, एकूण ६३. उरलेला एक म्हणजे सामाईक सातबाऱ्यावरचा अर्धा गुंठा, भांडणाला पुरेसा. मी आधी सगळे अपूर्णांक छाटतो, मग ज्यांचं जास्त छाटलं त्यांना उरलेले एकेक देतो. बरोबरी झाली तर क्रम आधीच लिहून ठेवलेला असतो.

मेमरीत तर खरी गळती. यार्न मागणी किमान वाटपाच्या, म्हणजे मुळात १०२४ एमबीच्या, पटीत वर चढवतो. स्पार्कचा ४ जीबीचा एक्झिक्युटर, म्हणजे जॉबचं काम करणारी प्रोसेस, मागतो ४०९६ अधिक १० टक्के ओव्हरहेड (वरखर्चाची मेमरी), ४५०५. कापले जातात ५१२०. यार्नला २० जीबी दिलेल्या नोडवर, म्हणजे एका मशीनवर, पाच बसतील म्हणणाऱ्याचे चारच बसतात. मी ३७०० मागतो. त्यावर किमान ओव्हरहेड ३८४, बेरीज ४०८४, कापले जातात ४०९६, आणि मोकळ्या नोडवर पाच बसतात.

०.१ + ०.२ बरोबर ०.३ का, हे कोडमध्ये विचारू नका; दशांश कॉम्प्युटरात नेमके बसत नाहीत, उत्तर 'नाही' येतं. हिशेब पूर्णांकात ठेवा.

वाटप मोजणारा शेड्युलरचा डिफॉल्ट कॅल्क्युलेटर फक्त मेमरी मोजतो. कोरही मोजायचे तर डॉमिनंट रिसोर्स कॅल्क्युलेटर लावा.

छोट्या क्यूत दुसरा जॉब 'अॅक्सेप्टेड'वरच, म्हणजे स्वीकारला पण सुरू नाही असा, लटकला असेल तर अॅप्लिकेशन मास्टरना (प्रत्येक जॉबचा मुकादम) मिळणाऱ्या जागेची १० टक्क्यांची मर्यादा बघा, नवीन मशीन मागायला धावू नका.