आधी आवाज, मग कॅमेरा

इंदूरच्या आमच्या घरात भाचीच्या कॉलेजसाठी पाच मिनिटांचा लघुपट केला. चित्र सुरेख आलं, पण आजीचं बोलणं पंख्याच्या घरघरीत बुडालं. तेव्हापासून मी आधी आवाजाचं बघते. दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर लावून तो बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. पंखा, फ्रिज बंद (फ्रिज नंतर आठवणीनं लावा, दूध नासतं). कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये दोन्हीकडची टाळी जुळवली की ओठ आणि शब्द जुळतात. प्रसंग संपला की सगळ्यांनी गप्प बसून खोलीची शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा. संवाद कापल्यावर उरलेल्या फटी तीच भरते.

ट्यूबलाइटखाली चित्र थरथरत असेल, तर आपली वीज ५० हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवून शटर (प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० सेकंद आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ ठेवा. रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, शूटिंग करणार असाल तर एक्स्पोजर लॉक कराच (म्हणजे कॅमेरा उजेड आपोआप कमी-जास्त करत नाही), नाहीतर कढईखालची ज्वाळा फ्रेममध्ये आली की चेहरे काळवंडतात. दुकानदाराला आधी विचारा. इंदूरच्या राजवाड्यासमोर मात्र गर्दी टाळायला पहाटेच जा. एडिटिंगला डाविंची रिझॉल्वची मोफत आवृत्ती पुरते.