युद्धकाळातली घरची पत्रे वाचताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातली घरगुती पत्रे हल्ली अनेक घरांत पेट्यांतून बाहेर निघत आहेत. कधी ती लालबाग-परळहून आघाडीवरच्या मुलाला गेलेली असतात, कधी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या भावाने गावी पाठवलेली. ती हाती येताच त्यांचे पुस्तक काढण्याची घाई सुरू होते. पत्रे वाचून होण्याआधीच मुखपृष्ठ ठरवणाऱ्यांचा मला आता कंटाळा आला आहे, कारण त्यांच्या चुका दर वेळी त्याच असतात.

सर्वांत महागात पडते ती तारखेची चूक. जुनी माणसे पत्रावर शकाची मिती घालत आणि नवशिका वाचक त्यात सरसकट ७८ मिळवून मोकळा होतो. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत हे चालते. जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत मात्र ७९ मिळवावे लागतात. एका कुटुंबाकडे मराठा पलटणीतल्या मुलाला आईने पाठवलेले, ‘पौष वद्य, शके १८६५’ अशा मितीचे पत्र होते आणि त्यात इटलीतल्या थंडीची काळजी होती. पुतण्याने ७८ मिळवून जानेवारी १९४३ काढला. इटलीच्या मुख्य भूमीवर दोस्त सैन्य उतरले ते सप्टेंबर १९४३ मध्ये, तेव्हा काका त्याआधीच इटलीत होते म्हणजे उत्तर आफ्रिकेत पकडले जाऊन तिथे युद्धकैदी झाले असणार, असा तर्क त्याने लढवला आणि कैदेवर एक भावपूर्ण प्रकरण लिहून काढले. वास्तविक ते पत्र जानेवारी १९४४ चे होते आणि काका आपल्या पलटणीतच होते. त्याच पत्रात भोकाच्या पैशाचा आणि रेशनकार्डाचा उल्लेख होता. तो पैसा १९४३ मध्ये निघाला आणि मुंबईत धान्याचे रेशनिंग मे १९४३ मध्ये सुरू झाले. पाकिटावर कैद्यांच्या छावणीचा नव्हे, तर फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे आघाडीवरच्या लष्करी टपालघराचा क्रमांक होता. हे सारे माझ्यापर्यंत आले तेव्हा पुस्तक छापून झाले होते.

मी स्वतः प्रत्येक पत्राला वेगळी चिठ्ठी लावतो, तिच्यावर पेन्सिलीने इंग्रजी तारीख मांडतो आणि मजकुरातल्या नाण्यांनी, बाजारभावांनी व सणांनी ती पडताळल्याशिवाय पत्र क्रमाने लावत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला आडवाट नाही.

पाकीट फेकू नये. पत्राला इस्त्री करू नये, सेलोटेप लावू नये, लॅमिनेशनचा तर विचारही करू नये. ‘शुद्धलेखन सुधारून’ नक्कल करू नये.

दुसरी मोठी चूक म्हणजे लेखणी धरणाऱ्यालाच सांगणारा समजणे. गिरणगावातल्या किती तरी आयांना लिहिता येत नव्हते. त्यांची पत्रे शेजारचा शाळकरी मुलगा, गिरणीतला एखादा कारकून किंवा गावचे मास्तर लिहीत असत. ‘इकडील सर्व क्षेम’ हा मायना त्या लिहिणाऱ्याचा असतो, त्यावरून आईच्या मनाचा कोरडेपणा सिद्ध होत नाही. तीच गोष्ट मौनाची. खाकी कापड विणणाऱ्या साचेवाल्याने किंवा दारूगोळा भरणाऱ्या कामगाराने कामाविषयी ‘बरे चालले आहे’ एवढेच लिहिले, १९४२ च्या ऑगस्टविषयी तर अक्षरही लिहिले नाही, म्हणून त्याला कशाचेच सोयरसुतक नव्हते असे उतावळे लोक ठरवून टाकतात. पत्रे सेन्सॉर फोडून वाचत असे आणि हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. कामाची हकिकत शोधायची तर ती महागाई भत्त्यात, बदललेल्या पाळीत आणि घासलेटाच्या रांगेत शोधावी. म्हणून मी प्रत्येक पत्र एकदा केवळ पैसे आणि वेळ टिपण्यासाठी वाचतो, भावनांकडे नंतर वळतो.

वेळ टिपतानाही एक खड्डा आहे. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात देशभर घड्याळे एक तास पुढे केलेली होती, शिवाय स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटे मागे असलेला बाँबे टाइम मुंबईकरांच्या बोलण्यात टिकून होता. त्यामुळे ‘सातची पाळी’ कोणत्या घड्याळाची हे आधी ठरवावे लागते. पुढे केलेल्या घड्याळाप्रमाणे जानेवारीत मुंबईचा सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवत असे. तेव्हा भोंग्याआधी काळोखात चाळीतून निघावे लागते ही तक्रार वाचून लगेच ब्लॅकआउटवर, म्हणजे हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे झाकण्यावर, परिच्छेद लिहायला बसू नये.